जुन्या कापडाचा आणि भांड्यांचा भाव : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोबाइलवरच्या जाहिरातींत हल्ली 'अँटिक फ्रेंच लिनन' नावाचा माल दिसतो. जाड, किंचित खरबरीत, सायीच्या रंगाच्या चादरी आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली दोन अक्षरं. त्याच दुकानाच्या पुढच्या पानावर तांब्याचं घंगाळ, ठोक्याचा हंडा, जुनी गोधडी आणि तांड्यावरच्या भरतकामाची पिशवी असते. नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमध्ये या पुढच्या पानावरच्या वस्तू अजून माळ्यावर आणि फडताळात आहेत. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत त्यातल्या काही मोडीत जातात. इथून किलोच्या भावाने निघालेलं घंगाळ शहरात नगाच्या भावाने विकलं जातं. या दोन भावांमधलं अंतर बहुतांशी गैरसमजांमुळे पडलेलं आहे. काही समज विकणाऱ्याचे असतात, काही घेणाऱ्याचे आणि काही दोघांचे.

"भांड्यावर नाव आहे, त्याचा भाव कमी होणार."

मोड घेणारा हे हमखास सांगतो. "मावशी, हे घंगाळ कशाला ठेवलाव? नाव कोरलंय, तसंच कुणी घेत नाही. मोडीत घाला, स्टीलचे दोन डबे न्या." खरं तर वितळवायच्या भांड्याला नावाने काहीच फरक पडत नाही, तांबं तेवढंच निघतं. आणि न वितळवता विकायचं असेल तर नाव हाच त्या भांड्याचा दाखला असतो.

मोडीच्या एका ढिगात पाहिलेलं एक घंगाळ सांगतो. अंगभर हातोडीचे चपटे ठोके होते. ते ओळीत होते, पण सगळे एका मापाचे नव्हते; हात थोडा वर-खाली झालेला कळत होता. पोटावर एक उभी रेघ होती. जवळून पाहिल्यावर ती सरळ नसून दातेरी असल्याचं दिसलं. पत्र्याच्या दोन्ही कडांना दाते पाडून, ते एकमेकांत बसवून वरून डाक दिलेला होता. डाकाचा धातू वेगळा असल्यामुळे रेघ जराशी पिवळसर दिसत होती. यंत्रावर फिरवून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो, त्याच्या बुडाला आणि आतल्या अंगाला गोल-गोल बारीक वर्तुळं असतात. काठाखाली ठिपक्यांनी ठोकलेली एक ओळ होती. चि. सौ. कां. असं लिहून मुलीचं नाव, पुढे 'मामाकडून', आणि शेवटी 'फसली १३४८'.

फसली हा निजामाच्या राज्यातला सरकारी कारभाराचा सन. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता, म्हणून आपल्याकडच्या जुन्या कागदांवर आणि भांड्यांवर हा सन सापडतो. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. १३४८ म्हणजे १९३८-३९. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवायचे. त्या एका ओळीत साल आहे, लग्न आहे, नातं आहे. नाव नसलेलं घंगाळ कधीचं आणि कुठलं हे सांगताना जाणकारालाही अंदाजच बांधावा लागतो. त्यामुळे ज्या नावाचं कारण सांगून भाव पाडला जातो, त्याच नावासाठी खरा घेणारा जास्त पैसे मोजेल.

फ्रेंच चादरींचा बाजार नेमका याच गोष्टीवर चालतो.

"कोपऱ्यात अक्षरं भरलेली चादर म्हणजे सरदारघराण्यातली."

विकणारे तसं सूचित करतात आणि घेणाऱ्याला ते आवडतं. पण फ्रान्समधल्या साध्या शेतकरी घरांतही मुलीच्या लग्नासाठी चादरी, पंचे, हातरुमाल डझनावारी साठवले जात आणि प्रत्येकावर आद्याक्षरं भरली जात. मोठं धुणं वर्षातून मोजक्या वेळा, राखेच्या पाण्यात निघायचं. तेवढ्या ढिगात आपला नग ओळखता यावा आणि मोजता यावा, म्हणून ती खूण. आपल्याकडे परीट कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करायचे, ती याच गरजेतून. बिब्ब्याचा डाग धुण्याने जात नाही. जुन्या धोतराच्या किंवा उपरण्याच्या काठाशी असा काळा ठिपका दिसला तर तो डाग समजून कापड बाद करू नका.

अशा चादरी घ्यायच्याच असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मधोमध शिवण आहे का. पूर्वीचे हातमाग अरुंद होते, त्यामुळे मोठी चादर दोन पट्टे जोडून होत असे. ही शिवण दोष नाही, उलट जुनेपणाच्या बाजूचा पुरावा आहे. दुसरं म्हणजे कापड नक्की कशाचं आहे. 'लिनन' म्हणून खपणाऱ्या जुन्या फ्रेंच कापडात बरंचसं लिननसारख्याच दिसणाऱ्या हेंपचं (भांगेच्या जातीच्या झाडाच्या तंतूचं) असतं, तर काही कापड सूत आणि लिनन मिसळून विणलेलं असतं. दोन्ही चांगलीच आहेत, पण भाव शुद्ध लिननचा लावलेला असेल तर विचारायला हवं.

"लिनन परदेशी, त्याचा आपल्या मातीशी काय संबंध?" आणि याच्या अगदी उलट, "आपल्याकडे जवस आहेच, मग लिननही निघेल."

दोन्ही समज अर्धे-अर्धे खरे आहेत. लिनन ज्या झाडापासून निघतं ते झाड म्हणजे जवसच. आपण ज्याची चटणी भाकरीशी खातो, त्याच जातीचं. पण मराठवाड्यात पेरला जातो तो दाण्याचा जवस. तो बुटका असतो, बुडापासून फांद्या फुटतात, बोंडं भरपूर लागतात. तंतूसाठीचा जवस मीटरभर उंच सरळसोट वाढतो आणि फांद्या फक्त शेंड्याला येतात, कारण तो मुद्दाम दाट पेरतात. तंतू बुडापर्यंत अखंड राहावा म्हणून तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मग शेतातच आडवा पसरून काही आठवडे दवात आणि पावसात कुजू देतात. काडीचा डिंक सुटला की काडी मोडून तंतू वेगळा करतात. याला थंड, ओलसर, समुद्राकडची हवा लागते. म्हणून हे पीक उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनारपट्टीवर एकवटलं आहे आणि त्यात फ्रान्स जगात पहिला आहे. आपल्या रब्बीतल्या कोरड्या हवेत हे कुजवणं साधत नाही. भारतातल्या लिनन गिरण्या कापड इथे विणतात, पण तंतू मुख्यतः युरोपातून आणतात.

भोकरच्या शेतकऱ्याने लिननच्या आशेने जवस पेरू नये. तेलासाठी आणि चटणीसाठी मात्र जरूर पेरावा, तो शिवारातून उगाच हटत चालला आहे.

"धागा जाळून पाहिला की लिनन ओळखू येतं."

येत नाही. सूत, लिनन आणि हेंप तिन्ही वनस्पतीचे तंतू. तिन्ही कागदासारखे जळतात, तसाच वास येतो आणि मऊ राख पडते. जाळून फक्त एवढंच कळतं की धागा पॉलिएस्टरचा आहे का (तो वितळून त्याची कडक गोळी होते) आणि रेशमाचा किंवा लोकरीचा आहे का (जळक्या केसांचा वास येतो). कापडात कुठे जाड, कुठे बारीक धागा दिसला म्हणजे ते हातसुताचंच, हाही समज सोडून द्यावा. गिरण्या तसा धागा मुद्दाम काढतात.

"आपल्याकडे जपण्यासारखं कापड नव्हतंच."

या समजाचं मला सर्वांत वाईट वाटतं. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तिथून ते कापड पश्चिमेकडे जहाजाने जाई. अलीकडच्या काळातही नांदेड बारीक कापडासाठी आणि जरीकाठी शेल्यांसाठी ओळखलं जाई, आणि पुढे तिथे उस्मानशाही मिल उभी राहिली. औरंगाबादचं हिमरू तर सर्वांना ठाऊक आहे.

मग हे सगळं कापड गेलं कुठे? आपण ते संपवलं, आणि फार शहाणपणाने संपवलं. लुगडं विरलं की त्याची वाकळ झाली. वाकळ फाटली की त्यातून बाळुती निघाली, बाळुत्यांतून चुलीवरची भांडी उतरवायचं फडकं आणि फडक्यातून दिव्याची वात. फ्रान्समधल्या कपाटांत न वापरलेल्या चादरींचे गठ्ठे पिढ्यानपिढ्या पडून राहिले, म्हणून ते आज विकायला निघतात. इथे घरात चिंधीसुद्धा वाया गेली नाही. त्यामुळेच जी एखादी जुनी वाकळ, जे एखादं इरकल लुगडं शाबूत राहिलं, ते दुर्मीळ आहे. इरकलीचा पदर हातात घेऊन पाहा. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा घेऊन, एकेक धागा फाशात अडकवून ते जोडलेले असतात. घाईच्या मालात ही मेहनत नसते.

गोधडी घेणाऱ्यांना एक इशारा. 'विंटेज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोधड्यांत साड्या जुन्या असतात, पण शिवण गेल्या महिन्यातली असते. त्यात वाईट काही नाही, शिवणाऱ्या बाईला मजुरी मिळते. फक्त जुन्याचा भाव देऊ नये. खरी वापरातली वाकळ दोन्ही बाजूंनी सारखी विटलेली असते, कडेचा थर घासलेला असतो आणि ठिगळाखाली आणखी ठिगळ सापडतं.

"जरीत सोनं असतं, साडी जाळून काढून घ्यावं."

जुन्या खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. जाळल्यावर हाती येते ती मुख्यतः चांदी. जरीच्या जुन्या साड्या विकत घेत दारोदार फिरणारे तिचाच हिशेब करतात. नंतरच्या काळात तांब्याची जर आली, मग प्लास्टिकची, आणि त्यातून जाळून काहीच निघत नाही. जुन्या हातमागाच्या पैठणीचा पदर मात्र वजनावर मोजायची वस्तू नाही. जरीच्या जमिनीवर रेशमाच्या धाग्यांनी एकेक फूल-पोपट अडकवत विणलेला तो पदर उलटा केला तरी सुलटाच दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ते काम वेगळ्या पद्धतीचं. अंग फाटलं असलं तरी पदर आणि काठ सोडवून दुसऱ्या कापडावर लावता येतात, हे काम करणारे कारागीर आहेत. पैठणी जाळणं हा मला सरळ अविचार वाटतो.

"तांड्यावरचे जुने कपडे म्हणजे चिंध्या."

भोकर, हिमायतनगर, किनवट, माहूर या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर म्हाताऱ्या बायांच्या पेटीत अजून फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) असते. जाड सुती कापड, त्यावर बारीक टाके, आरशांचे तुकडे, कवड्या, पांढऱ्या धातूचे घुंगरू. याचं मोल जगाने ओळखलं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात बंजारा भरतकाम आहे, आणि २०१६ साली 'टेक्स्टाइल्स ऑफ द बंजारा' हे स्वतंत्र पुस्तक निघालं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तांड्यावर मात्र हे कपडे पाच-दहा भांड्यांच्या बदल्यात जातात. घेणाऱ्याने इथे घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या बाईने किंवा तिच्या आईने ते टाके घातले, तिला त्याचा योग्य दाम मिळालाच पाहिजे, आणि जमल्यास ते कुणी, कोणत्या तांड्यावर भरलं याची चिठ्ठी कपड्यासोबत राहिली पाहिजे.

याच पेट्यांमधल्या जुन्या पांढऱ्या बांगड्यांबद्दल सावध राहा. त्या हस्तिदंताच्या असतील तर वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. शंभर वर्षांच्या असल्या तरी नाही.

"हिरवं पडलेलं म्हणजे जुनं."

तांब्या-पितळेवरचा हिरवा थर मीठ आणि आम्ल लावून काही दिवसांत आणता येतो. जुनेपणा पाहायचा तो झिजेत. हात लागतो तिथे कडी पातळ झालेली असते, बूड टेकतं तिथे चरे पडलेले असतात, काठ एका बाजूने गुळगुळीत झालेला असतो. झीज नको त्या जागी आणि हिरवेपणा सगळीकडे सारखा असेल तर शंका घ्यावी.

बिदरीचं उलटं आहे. उदगीरच्या पलीकडे बिदर, त्यामुळे आपल्याकडच्या घरांत बिदरीचं एखादं पानदान किंवा फुलदाणी निघते. बरेच लोक तिचा काळा रंग म्हणजे साचलेला मळ समजून चिंचेने घासतात. हे करू नका. बिदरी मुख्यतः जस्ताची, थोडं तांबं मिसळलेली. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने जस्ताचा भाग काळा होतो, आत ठोकलेली चांदी पांढरी राहते. तो काळेपणा हीच तिची कारागिरी आहे. मऊ कोरड्या कापडाने पुसणं पुरे.

स्वयंपाकासाठी जुनं पातेलं घेत असाल तर आधी कथिलाची कलई करून घ्या, आणि कलईवाल्याला शिसं मिसळू नको हे बजावून सांगा. शोभेसाठी ठेवणार असाल तर कलईची गरज नाही.

"तांदूळ ओढणारं भांडं" आणि "राम-दरबाराचं नाणं."

या दोन्हींत लोकांचे लाखो रुपये बुडाले आहेत, म्हणून थेट सांगतो. वीज पडलेलं, इरिडियम असलेलं, तांदूळ स्वतःकडे ओढणारं तांब्याचं भांडं अस्तित्वात नाही. तांबं काही ओढत नाही, इरिडियमही नाही. दाखवणारे तांदळात लोखंडाची पूड भरतात आणि भांड्यात चुंबक लपवतात. तसंच 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं राम-सीतेचं किंवा मारुतीचं नाणं कंपनीने कधीच पाडलं नाही, ते देवळाबाहेर विकलं जाणारं टोकन असतं. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणून आधी कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

"घरातली वस्तू आहे, हवी तिथे विकू."

इथे १९७२ चा पुरावशेष आणि कलासंपदेचा कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखितही, पुरावशेष ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुरावशेष विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं, कोरीव लाकूडकाम अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. एखादी वस्तू तेवढी जुनी नसेल आणि ती परदेशी पाठवायची असेल, तर ती पुरावशेष नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेता येतो. नांगरताना किंवा पाया खणताना हंडा-नाणी सापडली तर तो १८७८ च्या कायद्याचा विषय. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

मात्र फसली १३४८ चं घंगाळ किंवा आजीची वाकळ यांना यातलं काही लागू होत नाही. ती बिनदिक्कत ठेवावीत, वापरावीत, विकावीत.

"रोजच्या वापरातल्या वस्तूंना संग्रहालयात कोण विचारतं?"

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, भांडी, दारं गोळा केली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. १९७५ साली ते राज्य सरकारच्या हवाली केलं. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात सापडणारी खापरं, मणी, मूर्ती जमवल्या, त्यातून तेरचं सरकारी संग्रहालय झालं. दोघांनीही लोकांनी टाकून दिलेलं उचललं.

"चांगलं जपायचं म्हणजे धुऊन, प्लास्टिकमध्ये घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवायचं."

जुन्या कापडाचा रंग पाण्यात सुटतो आणि बाजूच्या पांढऱ्यावर चढतो. कोपऱ्यात ओला पांढरा कपडा दाबून पाहिल्याशिवाय धुऊ नये. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, जर काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळावं, जरीला डांबराची गोळी लागू देऊ नये, पेटीत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. वर्षातून एकदा घडी उलगडून वेगळ्या जागी मोडावी, कारण जुनं रेशीम घडीवरच फाटतं. थेट उन्हात टाकू नये, सावलीत वारं लागू द्यावं.

यंदा माळा साफ कराल तेव्हा तराजूवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा. प्रत्येक भांड्याच्या काठाखालची ओळ वाचा, फसली असेल तर ५९० मिळवा, आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरात ऐंशीच्या पुढची कुणी आजी असेल तर तिला तो फोटो दाखवून ती मुलगी कोण, तो मामा कुठल्या गावचा, हे विचारून लिहून घ्या. मग ठेवायचं की विकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.